पैसे तीनचे, गुण दोनच

बास्केटबॉलमध्ये एका संघात दोन 14 नंबर चालत नाहीत. रेफरी फाऊल दिल्यावर टेबलकडे वळतो, बोटांनी नंबर दाखवतो, आणि टेबलवरच्या माणसाला तो एकाच नावापुढे लिहायचा असतो. पण त्या शनिवारी, सामना सुरू व्हायला अर्धा तास उरला असताना, माझ्यासमोर दोन धिप्पाड माणसं उभी होती. दोघांच्याही पाठीवर 14. एक यूएसटीचा, म्हणजे सान्तो तोमास विद्यापीठाचा, आणि एक फार ईस्टर्न विद्यापीठाचा. आपापल्या कॉलेजसाठी दोघं याच नंबराने खेळले होते आणि नंबर सोडायची दोघांचीही तयारी नव्हती. मी हातात लाल पेन घेऊन दोघांकडे बघत होते.

शेवटी धाकट्याने मोठ्याला "कुया" म्हटलं, म्हणजे दादा, आणि बेंचवर जाऊन काळी चिकटपट्टी मागितली. 14 मधल्या एकावर दोन पट्ट्या चिकटवून त्याचा चार केला. झाला 44. मी स्कोअरशीटवर 44 लिहिलं तेव्हा तो टेबलवर वाकून म्हणाला, "मॅम, आज फक्त. उद्यापासून परत 14."

हा जानेवारी 2014 मधला सामना. मनिलाजवळ केसॉन सिटीतल्या एका शाळेचं जिम. एका बाजूला यूएएपीमधल्या कॉलेजांचे माजी खेळाडू, दुसऱ्या बाजूला एनसीएएमधले. फिलिपिन्समधल्या या दोन कॉलेज लीग. आपल्याकडे क्रिकेटचं जे वेड आहे तेच तिथे बास्केटबॉलचं आहे. गल्लीच्या टोकाला, विजेच्या खांबाला, नारळाच्या झाडाला, जिथे जागा मिळेल तिथे रिंग ठोकलेली असते आणि पायात स्लिपर घालून पोरं खेळत असतात. 1954 च्या जागतिक स्पर्धेत या देशाने ब्राँझ मिळवलं होतं. आशियातली पहिली व्यावसायिक लीगही त्यांचीच, 1975 ची. आणि तरीही व्यावसायिक खेळाडूंपेक्षा आपल्या कॉलेजच्या संघावर जीव टाकणारी माणसं मी तिथे जास्त पाहिली.

मी श्रीवर्धनची. शिकले पुण्यात, आणि नोकरीने मनिलाला गेले, ओर्तिगासमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. पुण्यात असताना आमच्या जिमखान्याच्या सरांनी मला टेबलवर बसवलं होतं. डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर आंतरमहाविद्यालयीन सामने असले की मी स्कोअरशीट लिहायची. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "टेबलवर बसलेल्याला संघ नसतो." ते वाक्य आणि दोन रंगांची पेनं, एवढं बरोबर घेऊन मी मनिलात आले होते. पण तिथे ते कुणाला सांगायची वेळ आली नव्हती.

8 नोव्हेंबर 2013, शुक्रवार. तीन दिवसांपूर्वी भाऊबीज झाली होती, घरून आलेल्या चकल्या मी ऑफिसात नेल्या होत्या. त्या दिवशी पहाटे हैयान वादळ पूर्व समारमधल्या गिवान इथे किनाऱ्यावर आलं. तिथले लोक त्याला योलांडा म्हणतात. मनिलाला फारसा धक्का बसला नाही, आम्ही खिडकीतून ढग बघत बसलो. लेते बेटावरच्या ताक्लोबान शहराचे फोन लागत नव्हते. विमानतळ उद्ध्वस्त झाला होता, समुद्राचं पाणी शहरात घुसलं होतं, आणि हे आम्हाला एकदोन दिवसांनी तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मृतांचा अधिकृत आकडा पुढे 6,300 वर गेला.

आमच्या ऑफिसातली जेवणाचे डबे देणारी बाई लेतेची होती. तिच्या आईचं घर गेलं, आई वाचली. ती कामावर परत आली तेव्हा मी विचारलं, काय पाठवू? तांदूळ, सार्डिनचे डबे, नूडल्स हे सगळे पाठवतच होते. ती म्हणाली, "मॅम, पत्रे. पाऊस थांबत नाहीये आणि डोक्यावर काही नाही."

पत्रे जड, महाग, आणि त्यांचे फोटो काढून कुणी पाठवत नाही. म्हणून पैसे हवे होते.

कल्पना माझ्या शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याची. तो लेट्रान कॉलेजचा, म्हणजे एनसीएएचा. आमच्याच मजल्यावर यूएसटीची एक मुलगी होती, म्हणजे यूएएपीची. वर्षभर त्या दोघांचं एकच भांडण: कुठली लीग खरी? डिसेंबरात तो तिला म्हणाला, "जानेवारीत दोन्ही लीगचे हंगाम संपलेले असतात. माझ्या ओळखीत जुने खेळाडू आहेत, तुझ्याही असतील. खेळवू या का?" हाच तो क्षण. बाकी सगळं त्यानंतर सहा आठवड्यांत झालं.

पहिल्या बैठकीत जे ठरलं ते मला अजिबात पटलं नव्हतं. मजेशीर सामना करायचा, घड्याळ थांबवायचं नाही, फाऊल द्यायचे नाहीत, मध्ये नाच, मध्ये लहान मुलांच्या शर्यती, आणि शेवटी डबा फिरवायचा. मी नवी, परकी, आणि तिथली टॅगालॉग भाषा मोडकीतोडकी. तरी बोलले. डबा फिरवला तर लोक खिशातली चिल्लर टाकतात. चिल्लरीत पत्रे येत नाहीत. मी हिशोबाचं काम करते, मला एवढं माहीत आहे की माणूस मोठी रक्कम देतो तेव्हा ती कशावर तरी लावून देतो.

तिथे एक निवृत्त रेफरी बसले होते, साठीपुढचे, दोन्ही लीगमध्ये शिट्टी फुंकलेले. त्यांनी विचारलं, "तुला स्कोअरशीट लिहिता येते?" मी म्हटलं, येते. "फिबाची?" म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या पद्धतीची. येते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मग गुणांवर बोली लावू.

असं ठरलं. प्रत्येक देणगीदाराने आपल्या लीगच्या प्रत्येक गुणामागे एक रक्कम बोलायची. कुणी पाच पेसो, कुणी वीस, कुणी शंभर. तीन गुणांच्या बास्केटला वेगळी बोली, वाटलं तर. आणि प्रत्येक फाऊलला, ज्या बाजूचा फाऊल त्या बाजूच्या ठरलेल्या माणसांनी शंभर पेसो. तेव्हा एक पेसो म्हणजे आपला जेमतेम एक रुपया चाळीस पैसे. म्हणजे सामन्याची स्कोअरशीट हीच आमची खातेवही झाली. त्यात एक गुण चुकला तर चाळीस-पन्नास माणसांचा हिशोब चुकणार.

कागदपत्रांचं काम रुक्ष होतं, पण ते सांगायलाच हवं, कारण तिथे कुणी असं काही करायला निघालं तर अडकेल. फिलिपिन्समध्ये लोकांकडून उघडपणे निधी गोळा करायचा तर समाजकल्याण खात्याचा परवाना लागतो. 1978 चा हुकूम आहे तसा. आमच्या हातात वेळ नव्हता. म्हणून आधीच परवाना असलेल्या एका धर्मादाय संस्थेकडे गेलो. पैसे थेट त्यांच्या खात्यात, पावती त्यांची, आम्ही फक्त यादी आणि हिशोब देणार. यामुळे एक मोठी गोष्ट झाली: आमच्या कुणाच्याच हातात रोकड राहिली नाही.

सध्या खेळणाऱ्या मुलांना घ्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. त्यांना शाळेची परवानगी लागते, आणि पाय मुरगळला तर पुढचा हंगाम जातो. माजी खेळाडूच घ्यायचे. बारा इकडे, बारा तिकडे.

जर्सीचा प्रश्न त्यातूनच आला. प्रत्येकाला आपल्याच कॉलेजची जर्सी घालायची होती. अतेनेओ निळं, लेट्रानही निळं. सान बेदा लाल, आणि यूएएपीतलं युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्टही लाल. तेव्हा यूएएपीच्या सगळ्यांनी पांढरी जर्सी घालायची, एनसीएएच्या सगळ्यांनी गडद. त्यामुळे रंगांचा गोंधळ मिटला, नंबरांचा राहिला.

बोल्या गोळा करताना मला या दोन लीगचा इतिहास कळला, आणि तो पुस्तकातून कळला असता तर असा कळला नसता. एनसीएए 1924 ची. त्यातून बाहेर पडलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्स, यूएसटी आणि नॅशनल युनिव्हर्सिटी यांनी फार ईस्टर्नसोबत 1938 मध्ये यूएएपी सुरू केली. पुढे अतेनेओने 1978 मध्ये एनसीएए सोडली आणि यूएएपीत गेलं. ला सालने 1981 मध्ये सोडली आणि 1986 मध्ये तिकडेच गेलं. म्हणजे आज यूएएपीची सगळ्यात गाजणारी लढत ज्या दोन कॉलेजांची आहे, ती दोन्ही मूळची एनसीएएची.

एक सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ मुलाला घेऊन आमच्या ऑफिसात आले. दोघेही अतेनेओचे. मी विचारलं, यूएएपी ना? मुलगा हो म्हणाला. वडील म्हणाले, "मी शिकलो तेव्हा आम्ही एनसीएएत होतो. सान बेदाला हरवलं की आम्ही रात्रभर झोपत नव्हतो. मी त्या लीगसाठी बोलणार." मुलाने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी घरच बदललं होतं. वडिलांनी एनसीएएच्या प्रत्येक गुणाला पन्नास पेसो लिहायला लावले. मुलाने यूएएपीच्या प्रत्येक गुणाला पन्नास. मग वडिलांनी तीन गुणांच्या बास्केटला दोनशे लिहायला सांगितलं, मुलाने अडीचशे. मी वहीत खोडून लिहीत होते आणि माझ्या मनात पत्रे मोजत होते.

तिथून माझ्या लक्षात आलं आणि मी पुढच्या प्रत्येकाला मुद्दाम समोरच्या बाजूची वही उघडून दाखवली. आपल्या बाजूचा आकडा कमी दिसला की माणूस पेन मागतो. लोकांना एक व्हायला सांगून आम्हाला जेवढं मिळालं नसतं, तेवढं त्यांच्या वैराने मिळवून दिलं. हे वैर खरं होतं, जुनं होतं, प्रेमातून आलेलं होतं. ते लपवायची मला गरज वाटली नाही.

सामन्याच्या दिवशी तीनच्या सुमाराला जिम भरत गेलं. तिथल्या कॉलेज सामन्यांत ढोल असतात, रांगेने पाच-सहा. दोन्हीकडून ढोल सुरू झाले तेव्हा टेबलवरचा पाण्याचा ग्लास हलत होता. आणि मग एक विचित्र गोष्ट ऐकू आली. ला सालच्या मंडळींची आरोळी "अ‍ॅनिमो ला साल!" सान बेदाची आरोळी "अ‍ॅनिमो सान बेदा!" दोघांचाही पहिला शब्द तोच. समोरासमोरच्या बाकांवरून दोन्ही गट एकदम "अ‍ॅनिमो" ओरडायचे आणि पुढच्या शब्दावर फुटायचे. माझ्या शेजारी घड्याळावर बसलेला मुलगा हसून म्हणाला, अर्ध्या आरोळीपुरते एकच आहेत.

फिबाची स्कोअरशीट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उजव्या बाजूला 1 ते 160 आकडे रकान्यांत छापलेले असतात, दोन्ही संघांसाठी शेजारी शेजारी. दोन गुणांची बास्केट झाली की नव्या एकूण आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि बाजूला खेळाडूचा नंबर. फ्री थ्रो झाला की आकड्यावर भरीव ठिपका. तीन गुण झाले की खेळाडूच्या नंबराभोवती गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्याने. डावीकडे खेळाडूंची नावं आणि प्रत्येकापुढे फाऊलची पाच घरं. पाचवं घर भरलं की खेळाडू बाहेर. हे सगळं ढोल वाजत असताना, डोळे कोर्टवर ठेवून.

पहिला क्वार्टर मला आजही आठवला की वाईट वाटतं. कुणी कुणाला अडवतच नव्हतं. गुण म्हणजे पत्रे, मग अडवायचं कशाला, असा दोन्ही बाजूंचा प्रेमळ विचार. एकजण मोकळा पळत जाऊन बॉल टाकायचा, समोरचा बाजूला सरायचा, टाळ्या वाजवायचा. दहा मिनिटांत 31-29. माझं लाल पेन थांबत नव्हतं. पैशाच्या हिशोबाने बघितलं तर सोनं होतं. पण सातव्या मिनिटाला ढोल मंदावले. आठव्याला थांबले. बाकांवर लोक फोन काढून बसले. ते अतेनेओचे वडील उठून बाहेर गेले, पान्सित खायला.

विश्रांतीत रेफरींनी दोन्ही कोचना टेबलजवळ बोलावलं. आवाज चढवला नाही. टॅगालॉगमध्ये बोलले, मला सगळं कळलं नाही, पण एक वाक्य पूर्ण कळलं: "मी चाळीस वर्षं शिट्टी फुंकली ती यासाठी नाही. खेळणार नसाल तर मी घरी जातो." कोच गप्प. मग लेट्रानवाला सहकारी, जो बेंचच्या मागे पाण्याच्या बाटल्या वाटत होता, पुढे आला. तो म्हणाला, हरणाऱ्या बाजूने आणखी एक रक्कम द्यायची, आणि पावती जिंकणाऱ्या लीगच्या नावाने फाडायची. यूएएपीचे कोच लगेच म्हणाले, कबूल. मग त्यांनी मागे वळून खेळाडूंना सांगितलं की हरलो तर आपल्या पैशाच्या पावतीवर एनसीएए छापलेलं असेल.

दुसऱ्या क्वार्टरला मी निळं पेन उचललं आणि पहिल्याच मिनिटाला दोन फाऊल लिहिले.

त्यानंतरचा सामना मी पाहिलेल्या उत्तम सामन्यांपैकी एक होता. पस्तिशी ओलांडलेली माणसं जमिनीवर झेपावत होती. चिकटपट्टीचा 44 नंबरवाला रिबाऊंडसाठी उडी मारून पडला, पट्टी सुटली, आणि रेफरींनी त्याच्या नावावर फाऊल दिला तेव्हा पाठीवर परत 14 दिसत होतं. मी हात वर केला, खेळ थांबवला, आणि विचारलं, कुठला 14? तो स्वतःच म्हणाला, "44, मॅम, मीच." त्याला खोटं बोलता आलं असतं. मोठ्या 14 चे तेव्हा दोनच फाऊल होते, त्याचे तीन झालेले.

गुण घसरले. मध्यंतराला 46-46. तिसऱ्यानंतर 62-64. गुण कमी होत होते म्हणजे माझ्या वहीतली रक्कम कमी होत होती, असं मला वाटलं. पण मध्यंतरात यूएसटीची मुलगी वही घेऊन बाकांवर फिरली आणि परत आली तेव्हा निम्म्या लोकांनी बोली वाढवलेली होती. वीसचे तीस, पन्नासचे ऐंशी. अतेनेओचे वडील परत येऊन बसले होते आणि त्यांनी शंभर केले होते.

चौथ्या क्वार्टरमध्ये शेवटची दोन मिनिटं उरली असताना ते घडलं. यूएएपी चारने मागे. त्यांच्या एका खेळाडूने कोपऱ्यातून शॉट घेतला, माझ्यापासून लांबच्या कोपऱ्यातून. बॉल आत गेला. अर्धं जिम उठलं, तीन, तीन म्हणून. रेफरींनी दोन बोटं दाखवली. पायाचा अंगठा रेषेवर होता.

मी निळी तिरकी रेघ मारली. नंबराला गोल केला नाही.

यूएएपीच्या बेंचवरून आरडाओरडा झाला. मग मागून कुणीतरी ओरडलं की मदतीचा सामना आहे, देऊन टाका तीन, पैसेही वाढतील. ती हाक पसरली. टेबलभोवती पाच-सहा माणसं जमली. संयोजकांपैकीच एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅम, गोल करा ना, कुणाचं काय जातं?" माझा हात पेनावर होता. ताक्लोबानला पाऊस पडत होता, हे मला त्या क्षणीही माहीत होतं. पण मी वही मिटली आणि म्हटलं, रेफरी दोन म्हणाले आहेत.

तेवढ्यात त्या अतेनेओच्या वडिलांचा मुलगा बाकावरून खाली आला. तीन गुणांच्या बास्केटवर अडीचशेची बोली त्याचीच होती. तो टेबलवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पैसे तीनचे घ्या. गुण दोनच लिहा." आणि परत जाऊन वडिलांशेजारी बसला.

सामना यूएएपीने तीन गुणांनी हरला, 78-81. मी शेवटच्या आकड्यांखाली दोन जाड आडव्या रेघा ओढल्या, उरलेल्या रकान्यांवर तिरकी रेघ मारली, सही केली, टेबलवरच्या इतरांच्या सह्या घेतल्या, मग रेफरींची. स्कोअरशीटच्या प्रती वेगवेगळ्या रंगांच्या असतात. जिंकणाऱ्याला गुलाबी, हरणाऱ्याला पिवळी. यूएएपीच्या कोचनी पिवळी घेतली, नीट घडी केली आणि पाकिटात ठेवली. पांढरी मूळ प्रत माझ्याकडे राहिली, कारण तीच खातेवही होती.

वसुलीला पाच आठवडे लागले. सोमवारी मी प्रत्येकाला त्याचा हिशोब पाठवला: गुण इतके, तीनच्या बास्केट इतक्या, फाऊल इतके, रक्कम इतकी, आणि सोबत स्कोअरशीटचा फोटो. ज्याला शंका असेल त्याने मोजून बघावं. बहुतेकांनी आठवड्यात भरले. काहींना तीनदा आठवण करावी लागली. जिममध्ये सगळ्यात मोठ्याने बोली लावणाऱ्या एकाने एक पेसोही दिला नाही, आणि ज्या रखवालदाराने दर गुणाला दोन पेसो लावले होते त्याने दुसऱ्या दिवशी मोजून नाणी आणून दिली, 162. मी ती नाणी घेऊन त्याच्याबरोबरच संस्थेत गेले, त्याला त्याच्या नावाची पावती मिळाली. ती त्याने केबिनच्या काचेवर लावली होती.

एकूण जमले 1 लाख 84 हजार पेसो. डबा फिरवला असता तर किती आले असते हे मला सांगता येणार नाही, पण मला स्वतःला ठाऊक आहे.

पत्रे घेताना डबेवाल्या बाईलाच बरोबर नेलं. दुकानदाराने स्वस्त, पातळ पत्रे दाखवले. तिने एक उचलला, दोन हातांत धरून वाकवला, आणि खाली ठेवला. "हा पहिल्या वाऱ्यात उडतो आणि शेजाऱ्याचा गळा कापतो." जाड पत्रे घेतले, संख्या कमी झाली. चारशे बसले. मग ती खिळ्यांकडे वळली. छत्रीसारख्या टोपीचे खिळे, पत्र्याला भोक पडलं तरी पाणी आत येऊ न देणारे. मी यादीत खिळे धरलेच नव्हते. ती म्हणाली, वादळात पत्रा जात नाही मॅम, खिळा जातो, मग पत्रा जातो. आम्ही पंचवीस पत्रे परत केले आणि त्या पैशांचे खिळे घेतले.

ट्रक बिकोलमधून मात्नोगला गेला, तिथून बोटीवर चढून समार, आणि समारहून सान हुआनिको पुलावरून लेते. मी गेले नाही, रजा नव्हती. लेट्रानवाला आणि 44 नंबरवाला गेले. साधारण वीस पत्र्यांत एका घराचं छप्पर होतं, म्हणजे एकोणीस घरांना डोक्यावर काहीतरी आलं. त्यांनी आणलेल्या फोटोंमधला एक मला जवळचा आहे. त्यात माणसं नाहीत. उंचावरून घेतलेला आहे, सगळीकडे शेंडे तुटलेली नारळाची झाडं काड्यांसारखी उभी आहेत, आणि मध्ये कुठे कुठे नवे पत्रे चकाकताहेत. त्या झाडांकडे बघून मला श्रीवर्धन आठवलं होतं. आमच्या वाडीत झाडं अशीच दाट आहेत. होती.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. मी मनिलातच होते, विमानं बंद. आईबाबांचा फोन लागत नव्हता. सात वर्षांपूर्वी डबेवाल्या बाईच्या चेहऱ्यावर जे बघितलं होतं ते तेव्हा माझ्या पोटात होतं. तिसऱ्या दिवशी बाबा गावाबाहेर चालत जाऊन सिग्नल पकडून बोलले. घराची कौलं गेली, पडवीचे पत्रे गेले, नारळ आडवे, सुपारीची वाडी तर झोपलीच. "आम्ही ठीक आहोत, पण पाऊस आलाय गं दारात."

त्या संध्याकाळी लेट्रानवाल्याचा मेसेज आला. तोवर आम्ही वेगवेगळ्या कंपन्यांत होतो. त्याने बातमी बघितली होती आणि नकाशावर माझं गाव शोधलं होतं. टाळेबंदीमुळे सामना खेळवता येणार नाही, म्हणून त्याने जुन्या स्कोअरशीटचा फोटो सगळ्यांना पाठवला होता आणि त्याच आकड्यांवर पुन्हा बोली घेतली होती. 81 आणि 78. यादी खाली होती, प्रत्येक नावापुढे लीग लिहिलेली. अतेनेओचा मुलगा दोन्हीकडे होता. वडील मागच्या वर्षी गेले, त्यांचे 81 मी देतो, असं त्याने लिहिलं होतं.

आणि यादीच्या शेवटी लेट्रानवाल्याचा प्रश्न: "पत्रे किती लागतील सांग. या वेळी खिळे धरून सांग."